वाणातली कॉन्टेसा

अधिक महिन्यात जावयाला वाण देतात. आमच्या ऑफिसातल्या एकाला या वर्षी चांदीचं तबक मिळालं, दुसऱ्याला तांब्याचा दिवा आणि सदऱ्याचं कापड. मला कॉन्टेसा मिळाली. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. पुढचं ऐकण्याआधी तुम्ही मन घट्ट करावं, एवढ्यासाठी सांगतोय.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, आमच्याच सोसायटीत समोरच्या विंगेत पहिल्या मजल्यावर एकटे राहतात. सासूबाई गेल्यापासून वाणाचा विषय घरात कुणी काढला नव्हता. या अधिकात मात्र त्यांनी स्वतः अनारसे मागवले, तेहतीस मोजून ताटात रचले, मधोमध दिवा लावला आणि दिव्याशेजारी गाडीची किल्ली ठेवली. किल्लीला खसखस चिकटली होती.

"सुधीरराव," ते म्हणाले, "वाण परत करत नाहीत, विकत नाहीत आणि दुसऱ्याला देत नाहीत. माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. पण वैजयंती, म्हणजे आमची बायको, डोळे पुसत होती, त्यामुळे मी माहीत असल्यासारखा वाकून नमस्कार केला. लग्न झाल्यापासून या माणसानं मला त्या गाडीचं दारसुद्धा लावू दिलं नव्हतं. मी लावलं की ते उतरून, वळसा घालून येत आणि पुन्हा नीट लावत. अशा माणसानं आपण होऊन किल्ली द्यावी, यात आनंद मानायचा की घाबरायचं, हे मला ठरवता येईना. मी सवयीनं घाबरलो.

किल्ली देण्यामागचं कारण सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. उन्हाळा लागता लागता एका सकाळी अप्पा पामबीच रोडवरून गाडी घेऊन परत आले आणि गेटपाशी गाडी थांबलीच नाही. ती अगदी सावकाश पुढे गेली आणि वॉचमन भैरूच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढली. भैरू त्या वेळी पाण्याची मोटर चालू करायला गेला होता म्हणून वाचला. अप्पा खाली उतरले, खुर्चीच्या तुकड्यांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "पाय गेला माझा. ब्रेक दाबतोय, दाबतोय, पण पायात जोरच नाही."

त्या दिवसापासून ते खिडकीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच. सकाळचं फिरणं बंद झालं. कपाटातून सासूबाईंची काठी बाहेर आली. डॉक्टरांनी पाय तपासून 'काही झालेलं नाही' म्हटलं, तर अप्पांनी डॉक्टर बदलला. रात्री झोप नाही, दिवसा भूक नाही. वैजयंती रोज डबा घेऊन जायची आणि अर्धा डबा परत घेऊन यायची. तो परत आलेला अर्धा डबा ती ओट्यावर अशी ठेवायची की मला माझं जेवण गिळवत नसे.

आणि आता ती गाडी माझी होती. नोंदणीची मुदत संपत आलेली. जुन्या गाडीची मुदत वाढवून घ्यायची तर ती आरटीओत नेऊन तपासून घ्यावी लागते, ब्रेकसकट. नापास झाली तर भंगारात. वाण भंगारात घालणारा जावई म्हणून माझी जी ओळख होणार होती, ती पुसायला पुढचा अधिक महिनाही पुरला नसता.

पहिल्यांदा गाडी काढली ती मी सोसायटीतल्या सोसायटीतच, जनरेटरपासून गेटपर्यंत. ब्रेकवर पाय ठेवला. पेडल हललं नाही. मी दुसरा पाय ठेवला. दोन्ही पायांवर उभा राहिलो म्हटलं तरी चालेल, कारण टकुरं टपाला लागलं होतं. तेव्हा कुठे गाडी थांबली. आणि प्रत्येक वेळी पाय दाबला की माझ्या गुडघ्यांच्या मागे कुठेतरी लांबलचक 'फुस्स' असा आवाज यायचा.

भैरूनं खिडकीशी कान आणला. तो मूळचा कागलकडचा आणि शेतात वाढलेला. "साहेब, पाय वर घ्या," तो म्हणाला. "आत जनावर हाय."

आमच्या सोसायटीच्या मागे खारफुटी आहे आणि उन्हाळ्यात तिथून पाहुणे येतात, ही गोष्ट खरी आहे. त्यामुळे मी खिडकीतून बाहेर पडलो. दार उघडायचं मला सुचलं नाही. माझ्या वयाच्या आणि घेराच्या माणसानं गाडीच्या खिडकीतून बाहेर पडणं हे दोन्ही विंगांनी आपापल्या गॅलऱ्यांतून पाहिलं. पाच मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर साप आला, दहा मिनिटांत तो नाग झाला आणि करावे गावातून सर्पमित्र धनेश मोटरसायकलवर येईपर्यंत त्याची जोडीदारीणही कुणाला तरी दिसलेली होती. धनेशनं आकडीनं पायपुसणी उचलली, सीट उचलली, डॅशबोर्डखाली डोकं घातलं. मग मला म्हणाला, "काका, जरा ब्रेक मारून दाखवा." मी लांबूनच, छत्रीच्या टोकानं पेडल दाबलं. इंजिन बंद होतं, त्यामुळे आवाज आला नाही. साप मला पाहून गप्प बसला, असं मत पडलं.

आता माझ्याबद्दल एक सांगितलं पाहिजे. मी तुर्भ्याला पंप बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिथे मी खरेदी विभागात आहे, म्हणजे पंपाशी माझा संबंध कागदोपत्री आहे, पण इतकी वर्षं सील, गॅस्केट आणि डायफ्रामच्या ऑर्डरींवर सह्या केल्या की माणसाला आपण इंजिनीअर आहोत असं वाटायला लागतं. घरी येऊन मी मोबाइलवर 'ब्रेक दाबला की फुस्स' असं शोधलं आणि व्हिडिओंच्या मागे व्हिडिओ बघत बसलो. दाढीवाल्या परदेशी माणसांनी मला जे समजावलं ते असं. ब्रेकचं पेडल आणि ब्रेक यांच्यामध्ये पातेल्याएवढा एक गोल पत्र्याचा डबा असतो. त्याला बूस्टर म्हणतात. त्याच्या आत रबराचा पडदा. इंजिन एका नळीतून त्या डब्यातली हवा ओढतं आणि तो पडदा तुमच्या पायाच्या जोराला आपला जोर लावतो. पडदा फाटला की हवा फुसकारते, आणि मग सगळी गाडी थांबवायची ती एकट्या पायानं.

मी तो व्हिडिओ थांबवला आणि स्वयंपाकघरात गेलो.

"अगं," मी म्हटलं, "अप्पांचा पाय गेलेला नाही. बूस्टर गेलाय."

वैजयंती डबा धूत होती. तिनं नळ बंद केला. म्हणाली, "नक्की?"

मी 'बहुतेक' म्हणालो.

"मग त्यांना आत्ता काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल पाय ठीक आहे, मग गाडी दुरुस्त कराल, आणि त्यानंतरही पेडल तसंच घट्ट राहिलं तर? मग त्यांना वाटेल, म्हणजे पायच. एकदा उठवून परत बसवलेला माणूस पुन्हा नाही उठायचा. आधी गाडी नीट करा. मग त्यांच्या पायालाच कळू दे."

बायकोनं एवढं शांतपणे बोलावं याची मला भीती वाटते. ती रागावते तेव्हा मला निदान मार्ग ठाऊक असतो.

गॅरेजवाल्यांकडे जाऊन आलो. एकानं बूस्टरचा फोटो बघून विचारलं, "हे गाडीचंच आहे ना?" दुसऱ्यानं "इलेक्ट्रिक घेऊन टाका साहेब" म्हणून सल्ला दिला. तिसऱ्यानं गाडी ठेवून जायला सांगितलं, पण त्याच्या अंगणात ठेवून गेलेल्या गाड्यांतून पिंपळ उगवले होते. शेवटी कोईमतूरच्या कुणाकडे पडदा, सील वगैरेंचा संच मिळतो असं कळलं आणि मी तो मागवला. खरेदी विभागात आयुष्य गेल्यामुळे एवढं काम मला निर्दोष जमलं. इथपर्यंतच.

बूस्टर काढायचा तर डॅशबोर्डखाली उताणं शिरावं लागतं. डोकं पेडलांपाशी, पाठ सीटच्या कडेवर आणि पाय दाराबाहेर. या अवस्थेत माणूस कुणालाही उत्तर देऊ शकत नाही, हे ओळखून सोसायटीतले सगळे सल्लागार माझ्या पायांभोवती जमायचे. मला फक्त चपला दिसत. कोल्हापुरी चप्पल म्हणायची, नट उलटा फिरवा. स्पोर्ट्स शूज म्हणायचे, काका, यूट्यूबवर वेगळंच दाखवतात. समोरच्या खिडकीतून अप्पा बघत असायचे. ते ओरडत नसत, फोन करत. मी कसाबसा खिशातून फोन काढायचा आणि त्यांनी सांगायचं, "सुधीरराव, काय करताय ते मला माहीत नाही, पण पाना उलटा धरलायत."

मग एकदा पांढरे बूट आले. हे आमचे चेअरमन, हिरामणशेठ. सोसायटी उभी आहे ती सरकारनं जमीन घेतलेल्यांना परत दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर आणि ती जमीन मूळची त्यांच्या घरची, त्यामुळे त्यांचा आवाज चेअरमनपेक्षा जरा जास्त लागतो.

"सायेब, बाहेर या," बूट म्हणाले.

मी जेवढा आलो तेवढा आलो.

"जथं तुमची गारी उभी हाय ना, तथं आमचं खलं होतं. माजा बापूस तथं भात झोरायचा. तथं तुमी तेल सांडताव."

"शेठ, ब्रेकचं काम करतोय."

"गारी चालते का नाय, त्याचा मना टेन्शन नाय," ते म्हणाले. "ती थांबते का, तेवरा सांगा. आनि पार्किंगमध्ये रिपेरिंग अलाव नाय. बोर्ड लावलाय मी. तुमीच सही केलीय त्यावर."

सही मीच केली होती. मी सह्या करतो, असं आधी सांगितलंच आहे. बूस्टर तेवढा निघाला होता, तो टॉवेलात गुंडाळून मी घरी आणला आणि ओट्यावर ठेवला. वैजयंतीनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिठाचे डबे आतल्या खोलीत हलवले.

बूस्टर उघडायचा म्हणजे त्याचे दोन अर्धे एकमेकांवर पिळून सोडवायचे. आत एक जाडजूड स्प्रिंग दाबून बसवलेली असते, तेव्हा जपून, असं त्या दाढीवाल्यानं सांगितलं होतं. मी जपलो. गॅलरीत वारा येतो म्हणून तिथे बसलो, खालचा अर्धा गुडघ्यांत धरला, वरच्या अर्ध्याला दोरीनं लाटणं बांधलं आणि पिळलं. काही झालं नाही. पुन्हा पिळलं. काही झालं नाही. तिसऱ्यांदा मी नुसता श्वास घेतला आणि झाकण माझ्या कानाजवळून जाऊन घरातल्या पंख्याला लागलं. स्प्रिंग कठड्यावरून बाहेर गेली.

खालच्या मजल्यावरच्या जयमालाताईंनी त्यांच्या गॅलरीत कुरडया वाळत घातल्या होत्या. मी धावत खाली गेलो तर त्या स्प्रिंगकडे टक लावून बघत उभ्या होत्या. ती कुरडयांच्या मधोमध बसली होती, आकारानंही तशीच, फक्त काळी.

"ही तुमची का?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं, एक जळली."

स्प्रिंग मिळाली. बदल्यात मोडलेल्या कुरडया मला नव्या घालून द्याव्या लागल्या. म्हणजे वैजयंतीला. ती सोऱ्या फिरवताना माझ्याकडे बघत होती.

पण डबा उघडला होता. आतला पडदा मी हातात घेऊन उजेडाकडे धरला. कडेनं चार बोटं फाटलेला होता. मी वैजयंतीला दाखवला. तिनं त्या भेगेतून बोट आरपार घातलं आणि तशीच उभी राहिली. "आणि ते काठी घेऊन बसलेत," ती म्हणाली. अप्पांनी एवढे दिवस स्वतःला म्हातारं ठरवून टाकलं होतं ते या वितभर रुंदीच्या रबरापायी.

म्हणून पुढची चूक माझ्या हातून झाली ती आळसानं नव्हे, घाईनं झाली. नवा पडदा बसवताना कडेला आणि सीलांना वंगण लावायचं होतं. संचातल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, अमुक प्रकारचं ग्रीसच वापरा, सोबत दिलेलं नाही. दुपारची वेळ, दुकानं बंद, वैजयंती आडवी झालेली. माझी नजर आरशाखालच्या बाटलीकडे गेली. आमच्या घरात लहानपणापासून केसांना, भाजल्याला, किरकिरणाऱ्या बिजागरीला, शिलाई मशीनला आणि बोटात अडकलेल्या अंगठीला एकच गोष्ट लावलेली मी पाहिली आहे. मी पडद्याला खोबरेल लावलं. चांगलं चोळून लावलं, बाळाला लावतात तसं.

आणि काय सांगू, सुरेख बसला. बूस्टर जागेवर गेला. बंद गाडीत मी पेडल चार-सहा वेळा दाबून कडक केलं, पाय तसाच ठेवला आणि इंजिन सुरू केलं. पाय हळूच खाली गेला. कुणीतरी माझा पाय हातात घेऊन खाली ठेवावा, असा. फुसकारणं बंद. मी गाडी जनरेटरपासून गेटपर्यंत नेली आणि अंगठ्यानं थांबवली. भैरूनं नवी खुर्ची उचलून बाजूला ठेवली होती, ती त्यानं परत आणून ठेवली. यापेक्षा मोठा मान मला नोकरीत मिळालेला नाही.

आरटीओत मात्र नवीच गोष्ट कळली. कागदोपत्री गाडी अजून अप्पांच्या नावावर होती. आधी तपासणी, मग नाव बदल, आणि तपासणीला मूळ मालक जातीनं हजर. म्हणजे अप्पांना त्या खुर्चीतून उठवून, मी चालवत असलेल्या गाडीत बसवून न्यायचं. मी वैजयंतीला म्हटलं, "चांगलंच झालं, तिथेच त्यांना दाखवू." ती म्हणाली, "आधी रोज थोडी चालवून बघा." मी रोज चालवू लागलो.

उन्हं वाढली. गाडी रोज थोडी जड चालायला लागली. मला वाटलं, पेट्रोल. मग वाटलं, मीच जड झालोय. एके सकाळी दूध घेऊन परत येताना मी गेटमध्ये अर्धा आत आलो, हिरामणशेठना नमस्कार करण्यापुरता ब्रेकला पाय लावला, पाय काढला, आणि ब्रेक काही सुटला नाही.

गाडी गेटच्या बरोबर मध्ये उभी होती. मागे पाण्याचा टँकर होता.

सोसायटीला त्या आठवड्यात पाणीकपात होती. टँकरवाल्यानं हॉर्न वाजवला. मी पेडल पायाच्या बोटांनी मागे ओढून पाहिलं. लोक बादल्या घेऊन खाली येऊ लागले. कुणीतरी ढकला म्हणालं. कोल्हापुरी चप्पल, स्पोर्ट्स शूज, सगळे मागे लागले. चाकं हलली नाहीत, पण नंबरप्लेट निघून स्पोर्ट्स शूजच्या हातात आली.

"सायेब," हिरामणशेठ म्हणाले, "आंगोदर तुमची गारी थांबत नव्हती. आता ती हालत नाय. तुमी नक्की काय रिपेर केलाव?"

मी मान खाली घालून स्टिअरिंग धरून बसलो. वर पाहिलं तर अप्पा खिडकीत उभे. काठीवर नव्हे, खिडकीच्या गजांना धरून. आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटल्यासारखं काहीतरी दिसलं, की चला, आपल्याबरोबर गाडीही गेली. त्या क्षणी मला कुणाच्या ओरडण्यापेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं.

तेवढ्यात वैजयंती गाउनवर ओढणी घेऊन खाली आली. बॉनेट उघडं होतं. तिनं आत वाकून वास घेतला.

"खोबरेल?" तिनं विचारलं.

मी आरशातून टँकर बघू लागलो.

"अहो, कुकरच्या रिंगला तेल लागलं की ती फुगते, मग झाकण निघत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तुम्हालाच बोलावते ना मी ते झाकण काढायला? काय वाटलं, झाकण का अडकतं?"

हे ती पन्नास माणसं, पंचवीस बादल्या आणि एक टँकर यांच्यासमोर म्हणाली. मग मी बूस्टर आणि त्यापुढचं ब्रेक-ऑइलचं नळकांडं यांच्यामधले नट सैल केले तेव्हा चाकं फिरायला लागली. गाडी आत ढकलत नेताना तिच्यातून लग्नघरासारखा वास येत होता.

त्या संध्याकाळी कमिटीची तातडीची सभा झाली. ठराव असा झाला की केळुसकरांची, म्हणजे माझी, कॉन्टेसा सोसायटीच्या आवारात हलवायची असल्यास पुढे वॉचमननं शिट्टी वाजवत चालावं. मला वाटलं, एवढ्यावर भागलं. ठरावावर सही माझीच घेतली.

दुसरा संच मागवला. अमुक प्रकारचं ग्रीस या वेळी मी ऑफिसातल्या स्टोअरमधून रीतसर मागून आणलं. वैजयंतीनं खोबरेलची बाटली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं आणि ओट्यापाशी स्टूल घेऊन बसली. मी पडदा बसवला, तिनं कड बोटानं फिरून पाहिली. एका जागी ती म्हणाली, "इथे घडी पडलीय." मी म्हटलं, नाही. मग काढून पाहिलं, पडली होती. स्प्रिंग दाबताना दोघांनी मिळून दाबली आणि गॅलरीचं दार आधी लावून घेतलं.

आरटीओत नोंदणीच्या मुदतीच्या आदल्याच दिवशीची वेळ मिळाली. सकाळी अप्पांना आणायला गेलो तर ते इस्त्रीचा सदरा घालून, काठी हातात घेऊन तयार होते. जिना ते एकेक पायरीवर थांबत उतरले. प्रत्येक पायरीला उजवा पाय आधी चाचपून बघायचे. मी मागे उभा होतो आणि मनात म्हणत होतो, अप्पा, पाय ठीक आहे हो तुमचा. बोलायचं नाही असं ठरलं होतं.

भैरू शिट्टी वाजवत पुढे, आम्ही मागे. गेटबाहेर पडल्यावर मी तिरक्या नजरेनं बघितलं. अप्पा डाव्या सीटवर ताठ बसले होते आणि त्यांचा उजवा पाय समोरच्या पायपुसणीवर दाबलेला होता. पुढे रिक्षा आली की पाय दाबला जायचा. सिग्नल लांबून दिसला की दाबला जायचा. मी ब्रेक लावायच्या आधी ते लावत होते. खोबरेल आठवत होतं. प्रत्येक वेळी पाय काढताना मी श्वास रोखून बघत होतो, सुटतोय ना.

आरटीओच्या आवारात रांग होती. मी इंजिन बंद केलं.

"अप्पा," मी म्हटलं, "मला कागद दाखवून यायचंय. तोवर तुम्ही इकडे बसता का? गाडी उतारावर आहे. ब्रेकवर पाय ठेवा."

"माझा पाय?" ते म्हणाले. "तो काय उपयोगाचा?"

"हँडब्रेक लावलाय. आपली खबरदारी."

ते वळसा घालून आले. बसले. सीट पुढे ओढली, आरसा हलवला. सगळं हातांना पाठ होतं. पाय पेडलवर ठेवला. मी खिडकीतून वाकून म्हटलं, "चार-सहा वेळा दाबा." त्यांनी दाबलं. पेडल कडक झालं, दगडासारखं. त्यांचा चेहरा पडला. "बघा," ते म्हणाले.

"तसाच धरा," मी म्हटलं आणि हात आत घालून किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं. मला त्यांचा पाय दिसत होता. चपलेचं टोक अगदी सावकाश खाली गेलं आणि तिथे थांबलं. अप्पांनी पाय उचलला नाही. मी किल्ली बंद केली, पुन्हा दाबायला लावलं, पुन्हा सुरू केली. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच किल्ली फिरवली.

"काय होतं?" त्यांनी विचारलं.

मी मागच्या सीटवरच्या पिशवीतून जुना पडदा काढून दिला. त्यांनी तो मांडीवर पसरला, फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. रांग पुढे सरकली, मागचा हॉर्न वाजवू लागला. अप्पांना ऐकू येत नव्हतं.

"म्हणजे एवढे दिवस मी एकट्या पायानं थांबवत होतो ही गाडी?"

"हो. मला तर दोन्ही पाय लागले."

ते हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले, आणि माझेही. त्यांनी रबर घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवायचा प्रयत्न केला, ते मावेना, मग हातातच धरलं. "मुलीला माहीत होतं?" त्यांनी विचारलं. मी होकाराची मान हलवली.

मला आता वेगळीच भीती वाटू लागली. हे किल्ली परत मागणार. पाय ठीक, गाडी ठीक, मग मी कोण? पण ते उतरले, मला बसायला दिलं, दार मला लावू दिलं. पुन्हा उघडून लावलं नाही. "वाण परत घेत नाहीत," ते म्हणाले आणि डाव्या बाजूला जाऊन बसले. काठी त्यांनी मागच्या सीटवर टाकली.

तपासणाऱ्या साहेबांनी गाडी पुढे घ्यायला सांगितली आणि मग एकदम हात वर केला. मी ब्रेक मारला. कॉन्टेसा जागच्या जागी थांबली. साहेबांनी पाय काढायला सांगितला. काढला. सुटली. त्यांनी नंबरप्लेट सुतळीनं का बांधलीय, एवढं विचारलं आणि पास केली.

परतीच्या वाटेवर मी शिट्टी वाजवत होतो. पामबीचवर खाडीचा वारा येत होता. बोलायला म्हणून अप्पांकडे पाहिलं, तर त्यांची मान कलली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. झोपले होते. खिडकीत बसल्यापासून ज्यांना डोळ्याला डोळा लागत नव्हता, ते माझ्यासारख्या ड्रायव्हरच्या शेजारी झोपले होते. मी पायाकडे बघितलं. उजवा पाय पायपुसणीवर सैल पडला होता. पुढे एक टेम्पो आडवा आला, मी ब्रेक लावला, तो पाय हलला नाही.

सोसायटी आली. गेटसमोर भैरू शिट्टी तोंडात धरून उभा होता. त्याच्या शेजारी हिरामणशेठ, हातात चक्क पेढ्यांचा पुडा. वैजयंतीनं फोनवरून सगळ्यांना सांगितलेलं दिसत होतं, ती स्वतः ओवाळायचं ताट घेऊन पायरीवर होती. आता थांबायचं, वळायचं, शिट्टी, लोक, टाळ्या. गाडी थांबली की अप्पा जागे होणार.

सबंध उन्हाळाभर ही गाडी थांबावी म्हणून मी काय काय केलं होतं. पण त्या क्षणी ब्रेकवर पाय ठेवायचं माझ्या मनात येईना. मी वेग कमी केला नाही. गेटवरून सरळ पुढे गेलो.

आरशात भैरूनं उडी मारून खुर्ची उचललेली दिसली. वैजयंतीच्या हातातलं ताट तिरपं झालं. हिरामणशेठ पेढ्यांचा पुडा हलवत गाडीमागे धावत होते आणि ओरडत होते, "थांबवा, सायेब, थांबवा." डॅशबोर्डवरचा फोन एकसारखा उजळत होता. ग्रुपवर मोठ्या अक्षरांत आलं होतं, केळुसकरांचे ब्रेक पुन्हा गेले, कृपया मुलांना रस्त्यावर सोडू नये.

मी फोन उलटा ठेवला आणि करावे गावाच्या वळणावरून गाडी सावकाश, धक्का न देता, पुन्हा पामबीचकडे वळवली. अप्पा घोरत होते.